विणणाऱ्या हातांची काळजी

दवाखान्यात नवा पेशंट आला की केसपेपरवर नाव, वय आणि व्यवसाय लिहावा लागतो. बायकांना व्यवसाय विचारला की बहुतेकींचे उत्तर ठरलेले असते, "काही नाही, घरीच असते." पण नाडी पाहायला हात हातात घेतला की हात वेगळेच सांगतो. उजव्या हाताच्या बोटाला सुई टेकून टेकून झालेला बारीक घट्टा असतो. डाव्या तर्जनीवर दोरा ओढला गेल्याची रेघ असते. "विणकाम करता वाटतं?" असे विचारले की बाई ओशाळून हसतात आणि लगेच म्हणतात, "डॉक्टर, बाकी काहीही सांगा, पण ते बंद करायला सांगू नका."

या एका भीतीपोटी अनेक जणी मनगटाचे दुखणे महिनोन्‌महिने अंगावर काढतात. कुणी बाम चोळते, कुणी दोरा बांधते, कुणी शेजारणीची गोळी घेते. डॉक्टरकडे गेले तर विणकाम सुटेल, असे त्यांना वाटत असते. म्हणून आजचा लेख विणणाऱ्यांसाठी. सुरुवातीलाच सांगून टाकतो, की विणकाम कायमचे सोडावे लागेल अशी वेळ फार थोड्यांवर येते. सोडायच्या असतात त्या काही सवयी.

नसता उद्योग की चांगला उद्योग?

विणणाऱ्या माणसाचा दिवस कसा साहसाने भरलेला असतो, हे त्या घरातल्यांनाच ठाऊक. चाळीस टाके मोजून होत आलेले असतात, तेवढ्यात दारावरची बेल वाजते. एकेचाळिसावा टाका कोणता यावर विचार चालू असताना गॅसवरचे दूध उतू जाते. लोकरीचा गुंडा नेमका पलंगाखाली कोपऱ्यात घरंगळतो. खुर्चीवर ठेवलेल्या सुईचा शोध बहुधा पाहुण्यांनाच लागतो. आणि वीतभर विणून झाल्यावर लक्षात येते, की खाली सहाव्या ओळीत एक सुलट टाका उलट पडला आहे. मग उसवा सगळे! नातवासाठी घेतलेला स्वेटर पूर्ण होईपर्यंत नातू त्या मापाच्या पुढे गेलेला असतो, तो मग धाकट्या नातीला होतो.

घरची माणसे याला नसता उद्योग म्हणतात. वैद्यकशास्त्राचे मत तसे नाही. हाताला गुंतवणारे काम हा उपचार होऊ शकतो, या विचारावर 'ऑक्युपेशनल थेरपी' नावाची एक स्वतंत्र शाखाच उभी आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना इस्पितळात टोपल्या विणणे, माग चालवणे, लोकरकाम अशी कामे दिली जात. बोटांत ताकद यावी आणि मन सावरावे, हा त्यामागचा हेतू.

ही शाखा आपल्या देशात रुजली ती मुंबईत. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी निंबकरांच्या घरात लग्न करून आल्या आणि कमलाबाई झाल्या. अमेरिकेत हे शिक्षण घेऊन त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे देशातले पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापक अध्यक्षही त्याच. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. रुग्णाला केवळ औषध देऊन घरी पाठवू नका, त्याचे हात पुन्हा कामाला लावा, हे त्या शाखेचे म्हणणे.

याचा प्रत्यय इथे नागापुरातही येतो. आमच्या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेले एक टर्नर आहेत. आयुष्यभर लेथवर मायक्रोमीटरने मापे घेतलेला माणूस. अर्धांगाच्या सौम्य झटक्यानंतर डावा हात कमजोर झाला. फिजिओथेरपीचे व्यायाम सुरू होते, पण रबरी चेंडू दाबण्याचा त्यांना कंटाळा. व्यायाम शिकवणाऱ्यानेच सुचवले, की हाताला आवडीचे काही काम द्या. बायकोने क्रोशाची जाड सुई दिली आणि साखळी घालायला शिकवले. दोरा धरायचे काम डाव्या हाताचे. पहिला आठवडा साखळीचा नुसता गुंता झाला. आता ते मुका खांब आणि खांब घालून चौकोनी रुमाल करतात आणि प्रत्येक रुमालाची चारही बाजूंची मापे पट्टीने तपासतात. मित्र हसले. त्यांनी मनावर घेतले नाही. एकेकाळी युरोपात लोकर विणणे हा पुरुष कारागिरांचाच धंदा होता, हे किती जणांना माहीत आहे? अर्थात, हात सुधारला तो नियमित व्यायामाने आणि औषधांनी. पण विणकामामुळे तो हात दिवसातून कितीतरी वेळा, कंटाळा न येता हलत राहिला.

मनाचेही तसेच. विणताना दोन्ही हात चालतात, डोळे लागतात, मनात मोजणी चालते आणि एकच हालचाल लयीत पुन्हा पुन्हा होते. अशा वेळी काळजीला शिरायला जागा कमी मिळते. २०१३ मध्ये ब्रिटनमधील ऑक्युपेशनल थेरपीच्या नियतकालिकात ३१ देशांतल्या ३,५४५ विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणत, त्यांनी आपल्याला जास्त शांत आणि आनंदी वाटते असे सांगितले. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ७० ते ८९ वयाच्या १,३२१ जणांचा अभ्यास मांडला. वाचन, विणकाम किंवा शिवणकामासारख्या हस्तकला करणाऱ्यांत विसरभोळेपणाचा आजार कमी आढळला.

पण याचा अर्थ नीट समजून घ्यावा. पाहणीत माणसे स्वतःबद्दल सांगतात. शिवाय ज्यांची स्मृती चांगली आहे, तेच म्हातारपणी विणू शकतात, असेही असू शकते. तेव्हा नैराश्याच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून सुया हाती घेऊ नयेत. औषध चालू ठेवावे आणि सोबत विणावे.

अंगठ्याच्या मुळाशी कळ

आता दुखण्यांकडे वळू. सर्वांत जास्त तक्रार येते ती अंगठ्याच्या बाजूला मनगटात कळ येण्याची. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूंच्या टोकाच्या दोऱ्या, तिथे एका अरुंद बोगद्यातून जातात. तीच हालचाल सतत झाली, की त्या बोगद्याचे आवरण जाड होते आणि दोऱ्या घासू लागतात. फ्रिट्झ द क्वेर्वेन या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

घरी एक साधी तपासणी करता येते. अंगठा तळव्यात घेऊन वर मूठ मिटा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी झणझणीत कळ आली, तर हेच दुखणे असण्याचा संभव आहे. बाळाला काखेत धरून वारंवार उचलणाऱ्या नव्या आईलाही हे होते. त्यामुळे घरात बाळ आले, की स्वेटर विणणारी आजी आणि बाळ उचलणारी आई, दोघीही एकाच तक्रारीसाठी येतात!

यावर दोन-तीन आठवडे अंगठ्याला आधार देणारा पट्टा, बर्फाचा शेक आणि विश्रांती यांनी बऱ्याच जणांना उतार पडतो. वेदनाशामक गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात व्रण असलेल्यांना त्या त्रासदायक ठरतात. न थांबल्यास अस्थिरोगतज्ज्ञ तिथे इंजेक्शन देतात. मधुमेह असल्यास ते आधी सांगावे, कारण त्या इंजेक्शनने काही दिवस साखर वाढू शकते.

रात्रीच्या मुंग्या

दुसरी तक्रार अधिक महत्त्वाची. एक उदाहरण सांगतो. वय अडतीस, नवरा कारखान्यात. दुसऱ्या पाळीचा माणूस घरी येईपर्यंत रात्रीचे बारा होतात. तोवर जागे राहायचे, म्हणून या बाई क्रोशाची तोरणे आणि रुखवतातले रुमाल करायला बसत. मुलांची झोपमोड नको म्हणून लहान दिवा लावत. लग्नसराईत मागणी वाढली. त्या पैशांतून मुलीच्या क्लासची फी जात होती. हळूहळू उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. पहाटे त्या मुंग्यांनी जाग यायची आणि हात झटकला की बरे वाटायचे. पुढे हातातून कप सुटू लागला. चार महिने त्यांनी कुणाला सांगितले नाही. घरात कळले असते तर काम बंद झाले असते आणि क्लासही.

मुंग्या अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि त्याशेजारच्या बोटाचा अर्धा भाग एवढ्यापुरत्या होत्या. करंगळी ठीक होती. मनगटातल्या बोगद्यात एक नस दाबली गेली, की नेमकी हीच बोटे बधिर होतात. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. दोष विणकामावर टाकून विषय संपला असता. पण बाईंचा चेहरा थोडा सुजल्यासारखा होता, आवाज बसका होता, वजन वाढले होते, बद्धकोष्ठ होते आणि नगरच्या उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजत होती. रक्त तपासले, तर थायरॉईड फारच कमी निघाले. थायरॉईड कमी झाले की शरीरात पाणी धरते, मनगटातला तो बोगदा आणखी अरुंद होतो आणि नस दबते. थकवा, थंडी, वजन ही सगळी लक्षणे त्या 'जागरण होतं' म्हणून सोडून देत होत्या.

थायरॉईडची गोळी सुरू झाली. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी दिली. काही दिवस विणकाम थांबवले, मग थोडे थोडे सुरू केले. तीन महिन्यांत रात्रीच्या मुंग्या थांबल्या. आज त्या तोरणे करतात, पण दिवसा आणि बेताने. यातला धडा असा, की हाताला मुंग्या आल्या तर विणकामाला दोष देऊन गप्प बसू नये. मधुमेह, थायरॉईड आणि गरोदरपण या तिन्हींत असे होते. कधी दोष मानेच्या मणक्यात असतो. आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला, तर मुळीच वेळ दवडू नये. नस कायमची दुबळी होण्याआधी एक लहान शस्त्रक्रिया करून ती मोकळी करता येते.

मधुमेहींना आणखी दोन त्रास होतात. बोट वाकून अडकते आणि खट्‌कन उघडते, तसेच खांदा आखडतो. शिवाय बोटे बधिर असतील, तर सुई टोचलेलीही कळत नाही. टोचल्यास जागा साबणाच्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख पाहावी.

बसणे, उजेड आणि सुई

उपाय अवघड नाहीत. पहिला वेळेचा. वीस-पंचवीस मिनिटांनंतर सुया खाली ठेवाव्यात. विणणाऱ्याला मध्येच उठवत नाही, हे मला माहीत आहे. 'एवढी ओळ झाली की उठते' म्हणता म्हणता दहा ओळी होतात. म्हणून घड्याळाऐवजी ओळीच मोजाव्यात. तुमच्या गतीने वीस मिनिटांत किती ओळी होतात ते एकदा पाहा आणि तेवढ्या झाल्या की उठा. बोटे पूर्ण ताणून उघडा, मनगटे सावकाश फिरवा, खांदे मागे घ्या, घरात एक फेरी मारा.

दुसरा उपाय बसण्याचा. मान खाली घालून, पाय लांब करून भिंतीला टेकणे ही नेहमीची पद्धत. त्याने मान आणि कंबर दोन्ही दुखतात. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसावे. मांडीवर उशी घेऊन कोपरांना तिचा आधार द्यावा. म्हणजे काम डोळ्यांजवळ येते आणि मान वाकत नाही.

तिसरा उपाय सुईचा. आपल्याकडे मिळणाऱ्या सुयांचा जुना नंबर उलटा चालतो. नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. आठ नंबरची चार मिलिमीटरची, तर चौदा नंबरची दोन मिलिमीटरची. बोटे दुखत असतील तर जाड लोकर आणि जाड सुई घ्यावी. क्रोशाच्या पोलादी सुईची दांडी फार बारीक असते. तिच्यावर कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड करावी, म्हणजे चिमूट घट्ट आवळावी लागत नाही. मोठी शाल विणताना लांब सुयांवर सगळा भार मनगटांवर येतो. तारेने जोडलेली गोल सुई वापरली, तर तो भार मांडीवर राहतो.

चौथा उपाय उजेडाचा. चाळिशीनंतर जवळचे कमी दिसू लागते. टाके वारंवार सुटू लागले, तर आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी दिवा डाव्या खांद्यामागून येईल असा ठेवावा. काळी आणि गडद निळी लोकर दिवसा विणावी, रात्रीसाठी फिके रंग ठेवावेत. अधूनमधून नजर खिडकीबाहेर लांबवर टाकावी.

बाळंतविडा देताना

आपल्याकडे विणकामाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे बाळ. बाळंतविड्यातल्या टोपडे, स्वेटर, मोज्यांविषयी काही सूचना कराव्याशा वाटतात.

नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि तिथून बरीच ऊब निघून जाते. कमी वजनाच्या बाळाला याचा जास्त धोका असतो. अशा बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरण्याची 'कांगारू' पद्धत वापरतात. तेव्हा बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मताच ही पद्धत सुरू केल्याने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. जीव वाचवते ती आईची ऊब, पण टोपी त्या उबेला धरून ठेवते. एवढीशी टोपी एका दुपारी होते.

मोजे आणि हातमोजे मात्र घालण्याआधी उलटे करून पाहावेत. आतला एखादा सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला, तर बोटाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. बाळ विनाकारण रडत असेल, तर मोजा काढून बोटे अवश्य पाहावीत. बोट लाल किंवा निळे पडून सुजले असेल आणि धागा लगेच सुटत नसेल, तर तातडीने डॉक्टरकडे न्यावे. आतल्या बाजूला लांब दोरे सुटणारे जाळीदार नमुने मोज्यांसाठी नकोत. गळ्याशी बांधायच्या नाड्या नकोत, कारण त्यांचा फास बसू शकतो. मोठी बटणे सुंदर दिसतात, पण तुटून घशात जाऊ शकतात. नवे कपडे आधी धुवावेत.

स्वस्त मिळणारी बरीचशी 'लोकर' ही खरी लोकर नसून ॲक्रिलिकचा धागा असतो. तो पेटला की वितळून अंगाला चिकटतो. म्हणून असा स्वेटर किंवा शाल घालून चुलीशी, शेगडीशी जाऊ नये.

आणि थंडी आहे म्हणून बाळाला तीन-तीन स्वेटरांत गुंडाळू नये. बाळाचे पोट आणि पाय हाताने पाहावेत. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पाय गार आणि पोट गरम असेल तर आणखी ऊब हवी. दोन्ही गार असतील तर छातीशी धरून लगेच डॉक्टरकडे न्यावे. मान घामाने ओली असेल तर एक कपडा कमी करावा.

हाताला काम, कामाला मोल

घरातल्यांची मापे झाली, आता कुणासाठी विणू, असे पुष्कळ जणी विचारतात. स्तनाच्या कर्करोगात स्तन काढावा लागलेल्या स्त्रियांसाठी सुती धाग्याचे हलके कृत्रिम स्तन विणून ते मोफत देण्याची चळवळ २०११ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. मुंबईतील साईशा इंडिया फाउंडेशन हे काम आपल्याकडे करते. विणकाम येणाऱ्या स्वयंसेविकाच ते तयार करतात. महागडे सिलिकॉनचे साधन सर्वांना परवडत नाही. अशा वेळी सुती धाग्याचे हे छोटे काम एखाद्या बाईला पुन्हा मान वर करून बाहेर पडायला मदत करते.

तेव्हा घरातल्या पुरुष मंडळींना आणि मुलांना एक विनंती. घरात आई, बायको किंवा आजोबा विणत बसत असतील, तर त्यांच्या डोक्यावरचा दिवा आज एकदा पाहा. अंधूक असेल तर चांगला आणून लावा, पाठीशी खुर्ची द्या. आणि टाके मोजणे चालू असताना हाक मारू नका. दुधाकडे तेवढा वेळ तुम्ही लक्ष द्या.